नववीच्या पोरांची इलेक्ट्रिक सायकल: किट घ्यावं का?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवतो. नववीच्या बारा मुलामुलींना घेऊन जुन्या सायकलची इलेक्ट्रिक सायकल करायचं मनात आहे. रेडी किट मिळतं, दोन तासात बसतं म्हणतात, तेच घेऊ का? आणि पालक म्हणतात पुढच्या वर्षी दहावी आहे, हे उद्योग कशाला. त्यांना काय सांगू?
– एक शिक्षक, ता. वाई

उत्तर: सर, किट नका घेऊ. किटमधे मोटर चाकातच बसवलेली येते, नट आवळले, प्लग जोडले की सायकल पळते, पण ती का पळते ते पोरांना कळतच नाही. त्यापेक्षा २४ व्होल्ट २५० वॅटची गिअरवाली डीसी मोटर, तिचा कंट्रोलर (मोटरला किती करंट जाईल ते सांभाळणारा डबा), थ्रॉटल (हँडलवरची वेग कमी-जास्त करायची मूठ) आणि यूपीएसमधे असतात तशा १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) च्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आणा, आणि मोटर कुठं बसवायची ते पोरांनाच ठरवू दे.

पहिल्या दिवशी वायरला हातच लावू नका, दात मोजायला बसवा. मोटरचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, समजा ९ दातांचा, मागच्या चाकावरचं तसंच चक्र, म्हणजे फ्रीव्हील, २२ चं, मोटर मिनिटाला ३०० फेरे मारते तर चाक किती मारेल? साधारण १२३. मग टायरवर खडूची खूण करून चाक जमिनीवर एक फेरा लोळवा आणि टेपने मोजा, २६ इंची चाक २ मीटरच्या जरा पुढं जातं. झाला की हिशोब, ताशी १५ किलोमीटर! गाडी तयार व्हायच्या आधी तिचा स्पीड पोरांनी वहीत काढलेला असतो आणि नंतर ग्राउंडवर स्टॉपवॉच लावल्यावर तो जवळपास जुळतो तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

नाहीच जुळला तर अजून चांगलं, का नाही जुळला ते शोधू दे.

आमच्या पहिल्या बॅचने मोटर साध्या पट्टीवर बसवली होती. स्टँडवर चाक झकास फिरायचं, पण कुणी बसलं की चेन उतरायची. मी सांगणारच होतो, तेवढ्यात एक मुलगी खाली वाकून म्हणाली, सर, पट्टी वाकतेय, मोटरच चाकाकडे ओढली जातेय. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगल लावून आणला. लोड म्हणजे काय हे मला त्यानंतर फळ्यावर शिकवावं लागलं नाही.

चढाचा हिशोब जरूर करून घ्या. सायकल आणि पोरगं मिळून ७५ किलो धरलं तर सपाटीला ताशी १५ ने जायला चाकाला ५० वॅटच्या आसपास पुरतात, पण शंभर मीटरला पाच मीटर चढ आला की तोच आकडा २०० वर जातो, आणि मोटर-चेनमधे वाया जातं ते वेगळंच, म्हणून चढाला पायडल मारावंच लागतं. बॅटऱ्यांचं बोलायचं तर दोन्ही एकामागे एक जोडून २४ व्होल्ट, गुणिले ७ म्हणजे १६८ वॉट-अवर ऊर्जा, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, टिकत नाही.

बॅटरीच्या प्लसजवळच २० अँपिअरचा डीसी फ्यूज हवा, घरातल्या बोर्डावरची एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) नको. जोडणी करताना हातातलं कडं, अंगठी काढायचीच आणि पान्याला टेप गुंडाळायचा, टर्मिनलवर पाना आडवा पडला तर ठिणगी नाही, भडका होतो. लिथियमचे सुटे सेल जोडून पॅक करायचा प्रयोग शाळेत अजिबात नको. आणि २५० वॅट, ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा ओलांडू नका, पुढं लायसन्स, नंबरप्लेट सगळं लागतं. पोरांना ग्राउंडवरच चालवू दे, हेल्मेट घालून.

पालकांना पुस्तकच उघडून दाखवा. नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ आणि ‘धाराविद्युत’, दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’, त्यात मोटर आहेच. शिवाय पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आपल्याकडच्या कितीतरी शाळांत आठवी ते दहावीला शिकवतात, त्यामुळे हाताने करून शिकणं हे काही नवं खूळ नाही. जमलं तर एक दिवस पोरांना घेऊन पाबळला जाऊन या, वर्कशॉप बघून पोरं परत येताना गाडीत गप्प बसणार नाहीत.