कर्नेलमधली भगदाडं बुजवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हा माझा सर्वांत आवडता विषय. वर्गातले बहुतेक जण वेब सुरक्षा आणि बग बाउंटीच्या (त्रुटी शोधून बक्षीस मिळवण्याच्या) मागे आहेत, मला मात्र लिनक्स कर्नेलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, सुरक्षा त्रुटी दुरुस्त करायचं काम करावंसं वाटतं. सी भाषा बरी येते, पण कर्नेलचा कोड उघडला की छाती दडपते. दादा म्हणतो, हे हौशी लोकांचं फुकटातलं काम, त्यात करिअर नाही. एखादं सर्टिफिकेट करू का?

उत्तर: तुझ्या पत्रातला 'दुरुस्त' हा शब्द मी दोनदा वाचला. सुरक्षेबद्दल विचारणारी बहुतेक मुलं मला 'हॅकिंग शिकायचंय' असं लिहितात. भगदाड शोधणं कौशल्याचं काम आहेच. पण ते असं बुजवायचं की त्या वाटेने चालणारा एकही जुना प्रोग्रॅम अडखळू नये, हे वेगळ्या स्वभावाच्या माणसाचं काम आहे. तुझा स्वभाव तसा आहे का, हे पाहायला एक खरी हकिगत सांगतो.

२०२१मध्ये मॅक्स केलरमन या प्रोग्रॅमरकडे एक किरकोळ वाटणारी तक्रार आली. वेब सर्व्हरच्या नोंदींची एक कॉम्प्रेस केलेली फाइल उघडत नव्हती. त्याने ती हाताने दुरुस्त केली. काही महिन्यांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. बारकाईने पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक वेळी फाइलचे शेवटचे ८ बाइट बिघडलेले आहेत आणि तिथे आलेले बाइट झिप फाइलच्या एका हेडरची सुरुवात आहेत. झिप तयार करणारा प्रोग्रॅम त्याच सर्व्हरवर होता, पण त्याला या फाइलींवर लिहायची परवानगीच नव्हती! आधी त्याने स्वतःच्याच कोडवर संशय घेतला. शेवटी अगदी छोटे दोन प्रोग्रॅम लिहून त्याने दाखवून दिलं की चूक कर्नेलची आहे.

कर्नेलमध्ये पाइपच्या (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या नळीच्या) बफरची, म्हणजे मजकुराच्या तात्पुरत्या साठ्याची, नोंद ठेवणारी एक रचना असते. तिच्यातला 'फ्लॅग्ज' हा रकाना दोन फंक्शन्स कोरा करायला विसरत होती, तेही २०१६पासून. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. २०२०मध्ये ५.८ आवृत्तीत कोडची फेररचना झाली आणि 'या बफरमध्ये पुढचा मजकूर जोडला तरी चालेल' अशा अर्थाची खूण त्या रकान्यात आली. आता मागच्या वापरातली शिळी खूण तशीच राहिली, की पाइपमध्ये लिहिलेला मजकूर थेट फक्त-वाचनासाठी असलेल्या फाइलच्या स्मृतीतल्या पानावर जाऊन बसायचा. म्हणजे साधा वापरकर्ता ज्या फाइलला हात लावू शकत नाही ती बदलू शकत होता आणि त्या मार्गाने रूटही, म्हणजे यंत्रावर सगळे अधिकार असलेला वापरकर्ताही, होऊ शकत होता. २०२२च्या फेब्रुवारीत केलरमनने कर्नेलच्या सुरक्षा गटाला अहवाल आणि पॅच (कोडमधला दुरुस्तीचा बदल) पाठवला, मार्चमध्ये ती त्रुटी 'डर्टी पाइप' या नावाने जाहीर झाली. पॅच किती मोठा? दोन ओळी. दोन ठिकाणी तो रकाना शून्य केला, एवढंच.

त्या दोन ओळींमागची चिकाटी वाचताना तुला हुरूप आला असेल, तर हे क्षेत्र तुझं आहे. कंटाळा आला असेल तर तसंही स्वतःशी मान्य कर, त्यात काही गैर नाही.

आता छाती दडपण्याबद्दल. कर्नेलमध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्या सगळ्या कोणालाच येत नाहीत. त्यातला मोठा भाग निरनिराळ्या उपकरणांच्या ड्रायव्हर्सचा आहे. प्रत्येक उपप्रणालीचे वेगळे मेन्टेनर (तो भाग सांभाळणारे) असतात, तेही आपापला परिसरच जाणतात. तू एक कोपरा निवड.

सर्टिफिकेटवर पैसे घालवू नकोस. या कामात माणूस ओळखला जातो तो त्याच्या स्वीकारल्या गेलेल्या पॅचवरून, आणि ते कोणालाही उघडपणे वाचता येतात.

त्याऐवजी व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) स्वतः कर्नेल बांध, म्हणजे मूळ कोडपासून तयार कर. बांधताना 'कासान' हा स्मृतीतल्या चुका पकडणारा पर्याय चालू ठेव. मग एक छोटं मॉड्यूल (कर्नेलला जोडता येणारा कोडचा तुकडा) लिहून मुद्दाम चूक कर: स्मृती मागून घे, मोकळी कर आणि मोकळी केल्यावर तिला हात लाव. कासान तुला तीन गोष्टी सांगेल: चुकीचा वापर कुठे झाला, ती स्मृती कोणी मागितली होती आणि कोणी मोकळी केली. हा अहवाल न घाबरता वाचता येणं ही पहिली पायरी.

यानंतर सिझबॉटकडे वळ. हा गूगलचा स्वयंचलित तपासनीस कर्नेलला उलटसुलट सिस्टिम कॉल (प्रोग्रॅम कर्नेलकडे करतात त्या मागण्या) देत राहतो आणि सापडलेल्या चुका जाहीर यादीत टाकतो. या यादीतली आधीच दुरुस्त झालेली एखादी त्रुटी घे, चूक घडवून आणणारा प्रोग्रॅम सोबत असलेली. दुरुस्तीच्या आधीची आवृत्ती उतरवून ती चूक घडवून आण आणि खरा पॅच न पाहता स्वतः दुरुस्ती लिही. मग दोन्ही शेजारी ठेव. माझ्या मते याहून चांगला शिक्षक नाही.

सुरुवातीला तू बहुधा एक चूक करशील, म्हणून आधीच सांगतो. पॉइंटर शून्य असल्यामुळे कर्नेल कोसळलं, की 'शून्य असेल तर परत फिर' अशी ओळ घालून मोकळं व्हावंसं वाटतं. कोसळणं थांबतं, पण ही आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत असते. तो पॉइंटर तिथे शून्य झालाच कसा? कोणी लॉक आधीच सोडलं, की संदर्भांची मोजणी (ती स्मृती किती ठिकाणी वापरात आहे याची नोंद) एकाने कमी पडली? मेन्टेनर हाच प्रश्न विचारतात, आणि उत्तर नसेल तर पॅच परत येतो.

जाणत्यांचीही दुरुस्ती कच्ची राहते. 'डर्टी काऊ' ही कर्नेलमधली आणखी एक त्रुटी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्येच बुजवायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या एका प्रोसेसरवर अडचण आल्याने तो बदल मागे घ्यावा लागला आणि ती ऑक्टोबर २०१६मध्ये बंद झाली. पुढे २०१७मध्ये त्या दुरुस्तीतही स्मृतीच्या मोठ्या आकाराच्या पानांबाबतची एक फट निघाली. म्हणून तुझा पॅच दुरुस्तीसाठी परत आला तर मन लहान करू नकोस. सुचवलेले बदल कर आणि विषयात 'दुसरी आवृत्ती' असं नोंदवून पुन्हा पाठव.

दादाचं म्हणणं काही दशकांपूर्वी बरंचसं खरं होतं. आज कर्नेलमध्ये येणारे बहुतांश बदल पगारी अभियंते करतात. रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल, इंटेल, एएमडी, गूगल असे अनेक जण अशी माणसं नेमतात. यातलं बरंचसं रोजचं काम म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या, अजून वापरात असलेल्या आवृत्त्यांत नीट बसवणं. फेब्रुवारी २०२४पासून कर्नेल प्रकल्प आपल्या त्रुटींना स्वतःच सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटींचे सर्वमान्य ओळखक्रमांक) देतो आणि ते वर्षाला हजारोंनी निघतात. त्यातला कोणता आपल्या यंत्रांना खरोखर लागू पडतो, हे कोड वाचून सांगणारा माणूस कंपन्यांना हवाच असतो. पण दादाची एक शंका रास्त आहे: नवख्यासाठी थेट कर्नेल सुरक्षेच्या नावाची जागा क्वचित निघते. एम्बेडेड लिनक्स (उपकरणांच्या आत बसवलेलं लिनक्स) किंवा ड्रायव्हर लिहिण्याच्या नोकरीतून इकडे येणं जास्त सोपं. लिनक्स फाउंडेशनच्या मार्गदर्शन उपक्रमात कर्नेलमधले बग सुधारण्याचा स्वतंत्र गट असतो, त्यासाठी अर्ज जरूर कर. रस्ट भाषा कर्नेलमध्ये २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून आली आहे, पण तुझ्यासाठी आधी सी पक्की होऊ दे.

या सरावात एखाद दिवशी खरंच नवं, गंभीर भगदाड तुझ्या हाती लागेल. तेव्हा मित्रांना दाखवायचा मोह आवर. कर्नेलच्या सुरक्षा गटाला खासगी मेल कर, साध्या मजकुरात: कोणती आवृत्ती, चूक कशी घडवायची आणि कारण काय वाटतं. जमला तर सोबत पॅच जोड, तो दोन ओळींचा असला तरी.