अ‍ॅडापलीन पहिल्यांदाच लावतेयस ना?

अगं, डॉक्टरांनी मुरुमांवर ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल दिलंय तर घाबरू नकोस, पण घाईही करू नकोस.

अख्ख्या चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढं जेल पुरतं. नुसत्या फोडावर ठिपका द्यायचा नाही. जिथे मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा, कारण हे औषध रंध्रं तुंबूच देत नाही, म्हणजे पुढची मुरुमं अडवतं. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ दे, मग लाव. डोळ्यांच्या कडा, ओठ, नाकपुड्यांचे कोपरे सोड. लवकर गुण यावा म्हणून मी पहिल्याच आठवड्यात भरपूर थापलं होतं. हनुवटीची सालं निघाली, साधं पाणीही झोंबायचं. त्वचा कोरडी असेल तर आधी मॉइश्चरायझर लाव आणि एक दिवसाआड सुरू करू का, हे डॉक्टरांना विचार.

पहिले काही आठवडे मुरुमं वाढल्यासारखी वाटतील. नेमकं तेव्हाच पुष्कळ जणी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. जेल चालू असेपर्यंत रोज सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच.

आणि मैत्रिणीने सुचवलेली गोरं करणारी ट्यूब मेडिकलमधून आणू नकोस. तसल्या क्रीममध्ये अनेकदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं, त्याने मुरुमं उलट चिघळतात. गरोदर असशील किंवा तसा विचार असेल, तर जेल लावण्याआधीच डॉक्टरांना सांग.