जुलाबातली आकडी

प्रश्न असा आला आहे : दीड वर्षाच्या मुलीला जुलाब-उलट्या चालू होत्या, अंगात ताप नव्हता, आणि एका दिवसात तीनदा आकडी आली. तपासण्यांत काही निघालं नाही. घरी सोडताना कागदावर ‘बिनाइन कन्व्हल्जन्स विथ माइल्ड गॅस्ट्रोएन्टरायटिस’ लिहून मिळालं. सासूबाई म्हणतात फेफरं, शेजारीण म्हणते मिरगी. मराठीत काय म्हणायचं? आणि ‘बिनाइन’ला ‘सौम्य’ चालेल का?

फेफरं नको. क्रियापद लावून बघा. ‘तिला फेफरं आहे’ असं आपण सहज म्हणतो. ‘तिला आकडी आहे’ असं कोणी म्हणत नाही. आकडी येते आणि जाते. फेफरं, मिरगी, अपस्मार ही दुखण्याची नावं, एकदा चिकटली की मुलीच्या लग्नापर्यंत पुरतात. शिवाय आकडी हा डोळ्यांनी पाहून केलेला शब्द वाटतो : झाडावरची फळं ओढायच्या काठीला आकडी असते, तशी पोराची बोटं आत वळतात, अंग ताठतं, डोळे वर जातात. ‘झटका’ चालेल, पण तो आता हृदयविकाराच्या नावावर जमा झालाय. ‘आचके’ मात्र त्या घरात उच्चारूही नका. आचके मरणारा माणूस देतो.

आता ‘सौम्य’. मूळ नावात ‘बिनाइन’ आणि ‘माइल्ड’ अशी दोन विशेषणं आहेत आणि ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत. सौम्य आहे ते पोटाचं दुखणं. शोष पडलेला, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं नसतं, किंवा अगदी थोडं झालेलं असतं. आकडी सौम्य नसते. दोन-तीन मिनिटांचीच, पण एकामागून एक येते, आणि पाहणाऱ्याचे हातपाय गळतात. त्या आईला ‘सौम्य आकडी’ म्हणून बघा! ‘बिनाइन’ म्हणजे मागे काही ठेवून न जाणारी. त्याला मी ‘निरुपद्रवी’ म्हणेन. आयुर्वेदात उपद्रव म्हणजे मूळ रोगामागून उद्भवणारा दुसरा त्रास, त्यामुळे शब्द चपखल बसतो.

हा प्रकार 1982 मध्ये जपानमध्ये मोरोओका या डॉक्टरांनी प्रथम नोंदवला. साधारण सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, बहुधा रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरस हे जुलाबाचे विषाणू, आणि आजाराचे पहिले चार-पाच दिवस. रक्तातली साखर, सोडियम जागेवर असतात. पुढे सहसा अपस्मार होत नाही. अर्थात हे सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं. आकडी आली की मूल कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि थेट डॉक्टर गाठायचा. कांदा हुंगवत बसू नये.

ताप चढून येते तिला आपल्या आज्या ‘तापातली आकडी’ म्हणतातच. त्याच चालीवर हिला ‘जुलाबातली आकडी’ म्हणावं. सासूबाईंनाही हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.