वकिलाला विचारा : केशवसिंहांचा उरलेला एक दिवस

प्रश्न : तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींत परवा चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या कामात न्यायालयाने नाक खुपसू नये. दुसरा म्हणतो, न्यायालय आहे म्हणून निदान धाक तरी आहे. दोन्हीकडचे अडून बसले तर घटनेत काही तोड आहे का?
– श. ग., सहकारनगर

उत्तर : तोड आहे, पण अर्धीच. चार कलमं काढून बघा. संसदेसाठी १२१ आणि १२२, राज्यांच्या विधिमंडळांसाठी २११ आणि २१२. न्यायमूर्तींच्या न्यायदानातल्या वर्तनावर सभागृहात चर्चा करायची नाही. संसदेत त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव आला तर तेवढा अपवाद. आणि सभागृहाच्या कामकाजात पद्धत चुकली, एवढ्याच कारणावरून न्यायालयाने ते तपासायला घ्यायचं नाही. वाचताना वाटतं, झालं, प्रश्न मिटला.

पेठांमधल्या वाड्यांच्या वाटपाचे दावे मी शिवाजीनगर कोर्टात वर्षानुवर्षं चालवले. वाटणीपत्रात खोल्या चोख लिहिलेल्या असतात, भांडण होतं ते सामाईक जिन्यावरून. इथे तो जिना म्हणजे हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग. सभागृहाचे विशेषाधिकार कायदा करून ठरवावेत अशी सोय घटनेतच आहे. पण तसा सर्वंकष कायदा आजवर ना संसदेने केला, ना आपल्या विधिमंडळाने. का करतील? मोघम ठेवलेला हक्क कधीही ताणता येतो.

अडून बसले तर काय होतं, ते १९६४ साली उत्तर प्रदेशात दिसलं. गोरखपूरचे केशवसिंह हे समाजवादी कार्यकर्ते. त्यांनी एका काँग्रेस आमदारावर आरोप करणारं पत्रक काढलं. विधानसभेने तो हक्कभंग ठरवून समज द्यायला त्यांना बोलावलं. गृहस्थ खमके. अध्यक्षांना पत्र लिहून ही शिक्षा म्हणजे नादिरशाही फर्मान असल्याचं कळवलं, आणि १४ मार्चला सभागृहात आणल्यावर अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. सात दिवसांची कैद झाली. सहाव्या दिवशी त्यांचे वकील सॉलोमन यांनी उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात अर्ज केला आणि न्यायमूर्ती बेग व न्यायमूर्ती सहगल यांनी जामीन दिला. एवढ्यावर सभागृह इतकं बिथरलं की २१ मार्चला ठराव झाला : केशवसिंहांना परत तुरुंगात टाका, आणि वकील व दोन्ही न्यायमूर्ती यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करा. जामीन दिला म्हणून न्यायमूर्तींना पकडून आणायचं! दोघा न्यायमूर्तींना स्वतःच उच्च न्यायालयात अर्जदार म्हणून जावं लागलं. अलाहाबादला २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि २३ मार्चला त्यांनी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. प्रकरण हाताबाहेर जातंय हे दिल्लीत उमगलं. २६ मार्चला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं.

सात न्यायमूर्तींच्या त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, आपल्याच डेक्कन कॉलेजचे आणि लॉ कॉलेजचे विद्यार्थी. ३० सप्टेंबर १९६४ चं त्यांचं मत मी आजही ज्युनियर मुलांना वाचायला लावतो. इंग्लंडची संसद सार्वभौम असेल, आपल्याकडची सभागृहं घटनेने आखलेल्या मर्यादेत चालतात. माणूस कैदेत असेल तर त्याची तक्रार उच्च न्यायालयाने ऐकायचीच. ती ऐकल्याबद्दल न्यायमूर्तींना सभागृहापुढे उभं करता येणार नाही.

पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. १९६५ मध्ये उच्च न्यायालयाने केशवसिंहांचा मूळ अर्ज ऐकला, आणि फेटाळला. सभागृहाला अशी शिक्षा देण्याचा अधिकार आहे, असं ठरलं. उरलेला एक दिवस त्यांना भोगावा लागला. म्हणजे तुमच्या गटातले दोघंही जिंकले म्हणायचे. सभागृहाचा शिक्षेचा अधिकार शाबूत राहिला आणि न्यायालयाचा ऐकण्याचाही. माझ्या मते अशा वादात मोठं कोण हे विचारण्याआधी, दोघांच्या ओढाताणीत कोणाचं काय जातंय ते पाहावं.

आपल्या विधानसभेचंच बघा. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी बसून कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. निलंबन करू नये असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं नाही. २८ जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती खानविलकरांच्या पीठाने त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन तेवढं रद्द केलं. त्यातला एक मुद्दा मला फार पटला. जागा रिकामी झाली तर साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिकामीही होत नाही आणि आमदार सभागृहात बसतही नाही. म्हणजे हकालपट्टीपेक्षा वाईट, आणि शिक्षा आमदाराबरोबर मतदारसंघालाही. मला त्या बारा जणांचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. त्यांच्या मतदारांचं वाटलं.

प्रश्न : लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘संसद श्रेष्ठ की सर्वोच्च न्यायालय?’ असा प्रश्न आला तर थोडक्यात काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, प्रभात रोड

उत्तर : घटना श्रेष्ठ, असं लिही आणि लगेच केशवानंद भारती खटल्याकडे वळ. २४ एप्रिल १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६. संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. निकालापाठोपाठ सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्यायमूर्ती राय यांना सरन्यायाधीश केलं, हेही विसरू नकोस. परीक्षकाला खूश करायचं असेल तर आणखी एक ओळ टाक : पुण्याचे यशवंत चंद्रचूड १९७३ मध्ये अल्पमताच्या सहांमध्ये होते, आणि १९८० मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्सच्या निकालात त्यांनी त्याच चौकटीच्या आधारे ४२ व्या घटनादुरुस्तीतली कलमं रद्द केली.

प्रश्न : पक्षांतराच्या तक्रारींवर विधानसभा अध्यक्ष महिनोन्‌महिने निर्णय देत नाहीत आणि न्यायालय नुसत्या तारखा देतं. सामान्य माणसाने दाद मागायची कुणाकडे?
– मी. का., हडपसर

उत्तर : मीनाताई म्हणू का? तुमचा राग रास्त आहे, आणि तो दोघांवर सारखाच निघायला हवा. १९८५ मध्ये घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आलं आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. हे काम करताना अध्यक्ष लवादासारखे असतात, म्हणून त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येतो, हे १९९२ मध्येच ठरलं. न दिलेला निर्णय तपासायचा कसा? इथे गाडी अडते. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली आणि हे काम स्वतंत्र लवादाकडे द्यावं असं संसदेला सुचवलं. आपल्याकडच्या शिवसेनेच्या प्रकरणात ११ मे २०२३ ला ‘वाजवी काळात’ निर्णय घ्या असं सांगितलं गेलं. तो काळ संपेना, तेव्हा तारीख घालून द्यावी लागली, तीही वाढवली, आणि निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. अध्यक्ष कुठल्या पक्षाचे, हा प्रश्नच नाही. निवडून आलेल्या माणसाला स्वतःच्या पक्षाविरुद्ध न्यायाधीश व्हायला सांगितलं की असंच होणार.

पण न्यायालयानेही आरशात बघावं. नोटबंदी नोव्हेंबर २०१६ ची, घटनापीठाचा निकाल २ जानेवारी २०२३ चा. तोवर जुन्या नोटा मुलांना दाखवायच्या वस्तू झाल्या होत्या. दुसऱ्याला मुदत घालून देणाऱ्याने स्वतःला कुठलीच मुदत घालून घेतलेली नाही.

दाद मागायचं म्हणाल, तर तुमच्या हातात माहितीचा अधिकार आहे. विधिमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अपात्रतेच्या किती याचिका आल्या, कधी आल्या, सुनावण्या कोणत्या तारखांना झाल्या, एवढंच विचारा. मतं विचारू नका. ज्यामुळे सभागृहाचा हक्कभंग होईल अशी माहिती नाकारता येते, आणि तुम्हाला तेच उत्तर येण्याचा संभव आहे. आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील करा आणि त्या उत्तराची प्रत मला पाठवा.