जुना सॉकेट कोड डॉटनेटवर नेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, आमच्याकडे व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मधला एक जुना प्रोग्राम आहे, वजनकाट्यांच्या कंट्रोलरशी नेटवर्कवरून टीसीपीवर बोलतो, त्यासाठी विनसॉक कंट्रोल (सॉकेट म्हणजे नेटवर्क कनेक्शन सांभाळणारा तयार भाग) वापरलाय. ज्यांनी लिहिला ते केव्हाच सोडून गेले, डॉक्युमेंट वगैरे काही नाही. आता वरून ऑर्डर आलीय की डॉटनेटवर न्या. मी सी शार्पमध्ये एकेक फंक्शन जसंच्या तसं लिहून काढलं, कनेक्ट होतंय, पण काही मेसेज नीट येतात आणि काहींचा चेकसम (मेसेज बरोबर आला का ते तपासायचा बाइट) चुकतो, त्यात पॅटर्न काही सापडत नाहीये. जुना प्रोग्राम शेजारच्याच पीसीवर मस्त चालतो. कुठे गडबड आहे? आणि हे कन्व्हर्ट करून देणारं एखादं टूल आहे का?

उत्तर : टूलचं आधी उरकून टाकतो. व्हिज्युअल स्टुडिओत पूर्वी एक अपग्रेड विझार्ड यायचा, २०१० च्या व्हर्जनपासून तो काढून टाकला, आणि होता तेव्हाही तो व्हीबी डॉटनेट बनवून द्यायचा, सी शार्प नाही. बाहेरची टूल्स मिळतात, फॉर्म आणि बटणं हलवायला बरी आहेत, पण तुमचं दुखणं वेगळं आहे, ते टूलने जाणार नाही.

आता चेकसम. पैज लावून सांगतो, तुम्ही आलेले बाइट एन्कोडिंग डॉट आस्कीने (बाइटची अक्षरं करणारा डॉटनेटचा एक प्रकार) स्ट्रिंगमध्ये घेतले असणार. व्हीबी ६ च्या काळात बायनरी डेटासुद्धा स्ट्रिंगमध्येच कोंबायची पद्धत होती, विनसॉक कंट्रोल आलेला बाइट विंडोजच्या कोडपेजने (कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर याचा तक्ता) अक्षर करून द्यायचा आणि एएससी फंक्शन मारलं की तोच बाइट परत मिळायचा, इंग्रजी विंडोजवर हे बिनबोभाट चालून जायचं. डॉटनेटच्या आस्कीला १२७ च्या वरचं काही कळतच नाही, तिथे तो प्रश्नचिन्ह टाकतो, म्हणजे ६३. आणि चेकसमचा बाइट ० ते २५५ मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणजे साधारण निम्म्या वेळा १२७ च्या वर, तोच तुमचा न सापडणारा पॅटर्न. फेल झालेल्या मेसेजेसचा शेवटचा बाइट लॉगमध्ये बघा, सगळीकडे ६३ दिसला तर शोध संपला.

आता कुणीतरी सांगेल की आस्कीच्या जागी एन्कोडिंग डॉट डिफॉल्ट टाक. नका टाकू. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये त्याचा अर्थ विंडोजचं कोडपेज असा होता, डॉटनेट कोअरपासून तो यूटीएफ-८ झालाय, म्हणजे आणखी घोळ. बाइट आलेत ते बाइट ॲरेमध्येच राहू द्या, फक्त नाव किंवा कोडसारखी जी खरोखर अक्षरांची फील्ड आहेत तेवढीच स्ट्रिंग करा.

हे सुटलं की पुढचं समोर येईलच म्हणून आत्ताच सांगतो. डेटाअरायव्हल (डेटा आल्याचा) इव्हेंट आला की एक अख्खा मेसेज आला असं जुन्या कोडमध्ये गृहीत धरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी मी हेच पाहिलंय. टीसीपी असं काही वचन देत नाही, तो फक्त बाइट क्रमाने पोचवतो, मेसेज कुठे संपला हे त्याला माहीतच नसतं. समजा मेसेज १४ बाइटचा आहे, तर एका रीडमध्ये ९ येतील आणि पुढच्यात ५, किंवा दोन मेसेज चिकटून एकदम २८ येतील. छोटे मेसेज आणि एकच स्विच असलं की हे वर्षानुवर्षं दिसत नाही, मग मध्ये व्हीपीएन येतो आणि सगळे म्हणतात नवीन सॉफ्टवेअर खराब आहे. डॉटनेट ७ पासून स्ट्रीमला रीडएक्झॅक्टली आलंय, ते मागितले तेवढे बाइट पूर्ण येईपर्यंत थांबतं, आधी हेडरचे बाइट पूर्ण घ्या, त्यातून लांबी काढा, मग बॉडी पूर्ण घ्या.

तिसरं, इंटिजर. व्हीबी ६ चा इंटिजर १६ बिटचा आणि लाँग ३२ चा, सी शार्पमध्ये इंट ३२ चा आणि लाँग ६४ चा. नाव बघून टाइप उचलला की गेलंच. युजर डिफाइन्ड टाइपमध्ये तर अजून मजा आहे : एक इंटिजर, एक लाँग आणि आठ अक्षरांची फिक्स्ड स्ट्रिंग असा टाइप घ्या, लेन फंक्शन त्याची साइज १४ सांगतं आणि लेनबी २४, कारण मेमरीत इंटिजरनंतर दोन बाइटची पॅडिंग (रिकामी जागा) असते आणि स्ट्रिंग युनिकोडमध्ये असते म्हणून ८ ची १६ होते. मग तारेवर १४ जातात की २४? ते पाठवणाऱ्याने पुट वापरून फाइल बनवली की कॉपीमेमरी मारली यावर आहे, आणि असा टाइप वाचत बसून तुम्हाला ते कळणार नाही.

म्हणूनच म्हणतो, फंक्शन बाय फंक्शन कॉपी करणं थांबवा. कोड म्हणजे प्रोटोकॉल नाही, तारेवरून जे बाइट जातात तो प्रोटोकॉल. तुमचा जुना प्रोग्राम अजून चालतोय ही केवढी मोठी जमेची बाजू आहे बघा, त्या पीसीवर वायरशार्क (नेटवर्कवरचे बाइट टिपून ठेवणारं टूल) लावा आणि त्याला दिवसभर बोलू द्या. नुसतं रोजचं काम नको, कंट्रोलर बंद-चालू करा, नेटवर्कची केबल ओढा, चुकीचा कोड टाका, शिफ्ट बदलताना काय होतं ते पण पकडा. फॉर्मवर कुठेतरी कोपऱ्यात टायमर कंट्रोल लपलेला असतो आणि तो दर काही सेकंदांनी गुपचूप पोल मारत (कंट्रोलरला विचारणा करत) असतो, तो कॉपी करायचा राहिला की नवा प्रोग्राम विनाकारण डिस्कनेक्ट होतो आणि माणूस फायरवॉलवर संशय घेत बसतो. कॅप्चरमध्ये तो लगेच दिसतो.

मग त्या बाइटच्या फाइल्स टेस्टसाठी ठेवा. नव्या पार्सरला (बाइटमधून मेसेज वाचणाऱ्या कोडला) तेच बाइट आधी एकेक करून भरवा, मग सगळे एकत्र चिकटवून भरवा, दोन्ही वेळा उत्तर तेच यायला हवं. ही एक टेस्ट पास झाली की मला निम्मी काळजी राहत नाही.

आणि एवढी घाई कुणाला आहे? व्हीबी ६ च्या आयडीईचा (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा) सपोर्ट २००८ मध्येच संपलाय हे खरं, पण रनटाइम (बनवलेला प्रोग्राम चालवणारा भाग) अजून विंडोजवर चालतो. हां, विनसॉकचा ओसीएक्स (त्या कंट्रोलची फाइल) ३२ बिटचा आहे, तो ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये लोड होणार नाही, त्यामुळे जुनं-नवं एकाच प्रोसेसमध्ये जोडायचा विचार सोडा. आणि आत्ता सुरू करताय तर डॉटनेट १० वर करा, डॉटनेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो.

प्रश्न : आमचा सर्व्हर सी प्लस प्लस आणि विनसॉकचा (विंडोजचं सॉकेट एपीआय) आहे, तो लिनक्सवर न्यायचाय. सॉकेटचं एपीआय दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे असं ऐकलंय, मग नुसतं रीकंपाइल करून होईल ना?

उत्तर : थेट नाही, पण विंडोजची काही नावं बदलली की कंपाइल होईल हो, तीच तर भीती आहे. दोन्हीचं मूळ बर्कलेच्या १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आहे म्हणून नावं सारखी, वागणं नाही. सिलेक्ट म्हणजे कुठल्या सॉकेटवर काही आलंय ते सांगणारं फंक्शन, त्याचा पहिला पॅरामीटर विंडोज बघतच नाही त्यामुळे तिथे शून्य दिलेला कोड सर्रास सापडतो, लिनक्सवर तिथे सगळ्यात मोठा डिस्क्रिप्टर (सिस्टम सॉकेटला देते तो नंबर) अधिक एक लागतो. विंडोजवर एफडी सेटमध्ये (सिलेक्टला द्यायच्या सॉकेटच्या यादीत) डिफॉल्टला ६४ सॉकेट मावतात, लिनक्सवर मर्यादा संख्येची नसून डिस्क्रिप्टरच्या नंबरची आहे, १०२४ किंवा त्यापुढचा नंबर टाकला तर शेजारची मेमरी खराब होते आणि क्रॅश भलतीकडेच येतो. एवीतेवी हलवताय तर सिलेक्ट सोडून त्याच कामाचं लिनक्सचं ईपोलच घ्या.

समोरच्याने कनेक्शन तोडलं असताना सेंड मारला तर विंडोजवर एरर कोड मिळतो, लिनक्सवर सिगपाइप सिग्नल येतो आणि तो हँडल केला नसेल तर अख्खी प्रोसेस मरते, लॉगमध्ये एक ओळ नाही. सेंडला एमएसजी नोसिग्नल फ्लॅग द्या. लाँग ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा राहतो आणि ६४ बिट लिनक्सवर ८ चा होतो, तेव्हा पॅकेटच्या स्ट्रक्टमध्ये लाँग दिसला की तिथेच बदलून पक्क्या साइजचे टाइप टाका. गेटहोस्टबायनेम काढून गेटॲड्रइन्फो घाला, नाहीतर आयपीव्ही ६ विसरा.

प्रश्न : एआयला फाइल देऊन कन्व्हर्ट करून घेतलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, वर म्हटल्या तशा टेस्ट आधी तयार असतील तर. नसतील तर तो आस्कीचा बग तुम्हाला सुंदर कॉमेंट्ससकट परत मिळेल.

प्रश्न : नवीन प्रोग्राम एकदम चालू करायची हिंमत होत नाही, पण कंट्रोलर एका वेळी एकच कनेक्शन घेतो. मग दोन्ही एकत्र कसे चालवायचे?

उत्तर : मध्ये एक छोटा रिले बसवा. जुन्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या ऐवजी रिलेचा आयपी द्या, रिले कंट्रोलरला कनेक्ट होईल आणि आलेले बाइट काही न बदलता इकडून तिकडे सरकवेल, वर त्याचीच एक कॉपी नव्या पार्सरला देईल. जुन्याने डेटाबेसमध्ये काय लिहिलं आणि नव्याने काय वाचलं ते रोज ताडून बघा. नव्याला या काळात कंट्रोलरकडे एकही बाइट लिहू देऊ नका, हार्टबीट (मी चालू आहे एवढंच सांगणारा मेसेज) सुद्धा नाही, नाहीतर एका पोलची दोन उत्तरं येतील आणि गोंधळ जुन्याचा होईल. आणि रिलेमध्ये नेगल (छोटे मेसेज थोडे थांबवून एकत्र पाठवायची टीसीपीची पद्धत) बंद करा, टीसीपी नोडिले ऑन करून, नाहीतर छोटे मेसेज थोडे उशिरा पोचतात आणि जुन्या कोडमधला एखादा टाइमआउट तेवढ्यात उडतो.