तबला की एसटीचं वेळापत्रक?

प्रश्न : मी साताऱ्यात बारावी विज्ञानला आहे. सात वर्षं तबला शिकतोय. दुसरा नाद म्हणजे एसटीच्या वेळा वहीत टिपून कुठली गाडी कुठल्या गाडीला मिळते ते जुळवायचं. अमेरिकेतल्या प्रवेशासाठी कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाचा) निबंध लिहायचा आहे. आई म्हणते, तबल्यावर लिही, एसटीचं हसू होईल. काय करू?

उत्तर : दोन्ही ठेव. मात्र ‘संगीत म्हणजे गणितच’ किंवा ‘तबल्याने मला शिस्त लावली’ ही वाक्यं नकोत. ती तबला न शिकलेलाही लिहू शकतो.

दुवा विषयांत शोधू नकोस, क्रियापदांत शोध. दोन कोरे कागद घे. एकावर रियाजाला बसल्यावर तू जे जे करतोस ते, दुसऱ्यावर वही उघडल्यावर करतोस ते. प्रत्येकी दहा मिनिटं, फक्त क्रियापदं : मोजतो, थांबतो, उचलतो, मागे जातो. दोन्हीकडे आलेल्यांना गोल कर. ‘मोजतो’ येणारच, ते सोड, फार ढोबळ आहे. माझी नजर ‘मागे जातो’वर थांबेल.

तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा; पहिली मात्रा ती सम. त्यातली तिहाई बघ, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा. पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये एकेका मात्रेचा दम, म्हणजे विराम, दोनदा, एकूण 17. समेवरून उचललीस की सतरावी मात्रा पुढच्या समेवर पडते. दम काढलास तर 15 उरतात, मग उचल तिसऱ्या मात्रेवरून. म्हणजे पोचायचं कुठे ते आधी ठरतं, निघायचं कधी ते नंतर. नऊची गाडी गाठायला 55 मिनिटांचा रस्ता आणि पाच मिनिटांची सवड धरून आठला निघायचं, हा तोच उलटा हिशेब. ती सवड म्हणजे तुझा दम!

इथेच थांबलास तर निबंध नुसती चमत्कृती होईल. साम्य कुठे तुटतं तेही लिही. उशीर झालेली गाडी पुढे वेळ भरून काढू शकते. चुकलेली सम भरून निघत नाही. यातलं तुला काय जास्त आवडतं आणि का, हा निबंधाचा गाभा. तो मी सांगू शकत नाही.

मर्यादा 250 ते 650 शब्दांची. पहिला मसुदा 900 पर्यंत जाऊ दे. कापताना शेवटचा परिच्छेद आधी बघ, बहुतेकदा तिथेच उपदेश साचलेला असतो. परीक्षा, बक्षिसं इथे नकोत. त्यांना अर्जात उपक्रमांच्या दहा आणि बक्षिसांच्या पाच जागा वेगळ्या आहेत. वाचणाऱ्याला सम माहीत नसेल, ती एका वाक्यात सांग, तालशास्त्र नको.

मसुदा झाला की त्यातली तिहाई गुरुजींना आणि गाड्यांचा भाग एखाद्या वाहकाला मराठीत सांगून बघ. कुणी ‘असं नसतं रे’ म्हणालं, तर ते वाक्य बदल.