मांत्रिकाकडे बरे झालेले काका

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि सर्पदंशाविषयी छोटे व्हिडिओ तयार करून समाजमाध्यमांवर टाकतो. ‘मंत्राने विष उतरत नाही’ असे सांगितले, की खाली हमखास प्रतिक्रिया येते : ‘आमचे काका मांत्रिकाकडेच बरे झाले.’ पुरावे देऊनही लोक ऐकत नाहीत. काय करावे?

उत्तर : त्या काकांना खोटे पाडू नका. ते खरोखरच बरे झाले असतील, आणि ते का बरे झाले हाच आपल्या पुढच्या व्हिडिओचा विषय व्हावा. माणसाला चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेले अनेक जण काहीही न करता जगले असते. अशा प्रत्येकाची गोष्ट गावभर होते, आणि जो दगावतो त्याच्याबाबतीत ‘आणायला उशीर केलात’ एवढ्यावर प्रकरण मिटते. हे नीट उलगडून सांगितले, तर प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले नाकारावे लागत नाही आणि तरीही मंत्राकडे श्रेय उरत नाही. पहिल्याच वाक्यात ‘अंधश्रद्धा’ म्हणालात, तर दुसरे वाक्य ऐकायला कोणी थांबणार नाही.

आकड्यांचे म्हणाल, तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला आहे. माझ्या मते व्हिडिओची सुरुवात या आकड्यांनी करू नये. आकड्यांनी धोरण आखणारे हलतील (हलले तर), रात्री जमिनीवर झोपणारा माणूस नव्हे. त्याला मण्यार या विषारी सापाविषयी सांगा. तिचा दंश अनेकदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात आणि पुढे श्वास अडतो. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे.

आपल्या भागात फुरसे हा विषारी सापही आहे, आणि त्याच्या दंशाबाबत दाखवण्याजोगी एक गोष्ट डॉक्टरांपाशी असते. रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी केल्यावर ते गोठलेले न दिसता वाहू लागले, तर विषाने रक्ताची गोठण्याची क्षमता बिघडवली आहे असे समजून प्रतिविष (सापाचे विष निष्प्रभ करणारे औषध) देण्याचा निर्णय घेतात. तालुक्यातील एखाद्या डॉक्टरांनी हे कॅमेऱ्यासमोर समजावून दिले, तर दहा आलेखांची गरज पडणार नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. चिरा देणे, विष चोखणे, करकचून आवळपट्टी बांधणे यांचा अभिनय खंडनासाठीही करू नये, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात आणि व्हिडिओचा तेवढाच तुकडा कापून पुढे जातो. त्याऐवजी रुग्णाचे हातपाय हलू न देता त्याला रुग्णालयात नेणारी माणसे दाखवा, आणि पडद्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक व प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव सतत राहू द्या. ते नाव दर पावसाळ्यापूर्वी विचारून खात्री करून घ्यावे.